भीती ओसरण्याचे रसायन

आघात सोसलेल्या प्रत्येकाला पीटीएसडी (आघातोत्तर ताण विकार) जडत नाही. बहुतेकांची भीती ओसरते. त्यात मेंदू स्वतःच तयार करतो त्या गांजासदृश रसायनांचा वाटा असतो. ही रसायने ज्यावर काम करतात तो सीबी-१ ग्राही (रिसेप्टर) काढून टाकलेल्या उंदरांची भीती, धोका टळल्यावरही जाईना, असे म्युनिकच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. मग गांजाच ओढावा, हा सोयीचा निष्कर्ष अमेरिकेतील कित्येक राज्यांनी कायद्यात उतरवला. ही घाईच. तिथल्याच माजी सैनिकांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गांजाने निष्क्रिय नमुन्यापेक्षा लक्षणीय अधिक आराम पडला नाही. मेंदूच्या त्या रसायनांपैकी एक असलेल्या आनंदामाइडचे विघटन रोखणारी औषधे अधिक नेमकी वाटतात. पण २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशा एका औषधाच्या चाचणीत स्वयंसेवक दगावला. ते औषध इतर विकरांनाही रोखत होते, हे नंतर कळले.