घोटभर पाणी

मागील अंकांत या सदरांतून आमच्या अमेरिकेच्या सहलीसंबंधीं दोन शब्द लिहिले, तेव्हां "नायगाराचें वर्णन केव्हां?" अशी पृच्छा करणारीं कांहीं पत्रें आलीं. नायगारा कोठें पळून जात नाहीं. त्याचें वर्णन सवडीनें करूं. आज तेथवर पोंचण्यासाठीं जी तपश्चर्या करावी लागली, तिच्याविषयीं लिहावयाचें आहे. आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील वडील मंडळी हल्लीं मुलांकडे किंवा सहलींबरोबर परदेशीं जातात. माझ्या हातून घडलेली चूक त्यांच्या हातून घडूं नये, एवढाच हेतु.

आम्ही अठ्ठावीस जण होतों. सांगलीहून दुपारीं बारा वाजतां निघालों, रात्रीं मुंबईचा विमानतळ गांठला, पहांटे तेथून दुबई आणि दुबईहून न्यूयॉर्क. हा शेवटचा टप्पा एका दमांत सुमारें १४ तासांचा. एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो व जिनेव्हा येथें उतरत गेलें. त्या उतारूंच्या पायांना वाटेंत जमीन तरी लागली! आजचें विमान पृथ्वीचा पाव परीघ न थांबतां ओलांडतें; बसणाऱ्याचे गुडघे मात्र पुढच्या खुर्चीस टेंकलेले ते टेंकलेलेच राहतात.

मला खिडकीजवळची जागा मिळाली. रघुवंशाचा तेरावा सर्ग मीं आयुष्यभर आवडीनें वाचला आहे. त्यांत श्रीराम पुष्पक विमानांतून सीतेला खालची भूमि दाखवीत अयोध्येस परततात. आपणही सौभाग्यवतीला तसेंच कांहीं दाखवूं, असा माझा बेत होता. परंतु जेवण आटोपतांच खिडक्या झांकण्याची सूचना झाली. बाहेर दिवस आणि आंत रात्र! सौ. मधल्या जागेवर होती आणि तिच्या पलीकडे, वाटेच्या कडेला, एक धिप्पाड परदेशी गृहस्थ गाढ झोंपले होते.

विमानांत बसल्या बसल्या माणूस एवढा कां थकतो, हें मीं निघण्यापूर्वीं वाचून ठेविलें होतें. विमान ३५ हजार फुटांच्या आसपास उडतें. आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा, इतकाच ठेवितात. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट. म्हणजे सारा वेळ आपण कळसूबाईच्याही वर बसलेले असतों. हवेंतील ओलावा शेंकडा वीसहूनही कमी, त्यामुळें घसा, ओंठ व डोळे कोरडे पडतात. शिवाय पायांतील रक्त वर चढविण्याचें काम चालतांना पोटऱ्यांचे स्नायू करतात. बसून राहिलें कीं तें मंदावतें, पाय सुजतात आणि क्वचित् शिरेंत गुठळीही होते. चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासानें हा धोका सुमारें दुप्पट होतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलें. धोका मुळांत लहान, सुमारें सहा हजारांत एक. पण वारंवार उठून चार पावलें टाकिलीं तर तोही टाळण्याजोगा.

हें सर्व मीं घरच्या मंडळींना वाचूनही दाखविलें होतें. मास्तराचा स्वभाव! त्याप्रमाणें मी स्वतः दोनदां उठलों. दोन्ही वेळां त्या गृहस्थांना जागें करावें लागलें, आणि दुसऱ्या वेळीं ते कांहींसे पुटपुटले. सौ.ला म्हटलें, "तूंही चल." ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या." पाणी आलें तेव्हांही तिनें हातानेंच नको म्हटलें. मीं पुन्हां विचारलें नाहीं. उलट उतरतांना सहलीच्या व्यवस्थापकांना मी अभिमानानें म्हणालों, "आमच्या घरची सहनशक्ति पाहा. एवढ्या तासांत कोणाला यत्किंचित् त्रास दिला नाहीं."

पासपोर्ट तपासणीच्या रांगेंत तास उलटून गेला असेल. एकाएकीं सौ.नें माझी बाही धरली आणि ती तेथेंच खालीं बसली. चेहरा पांढराफटक, पाय इतके सुजलेले कीं बूट रुतून बसले होते. आमच्या मंडळींत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्या धांवत आल्या आणि त्यांनीं पहिला प्रश्न केला, "वहिनी, पाणी केव्हां प्यालां होतां?"

"दुबईला. गोळीपुरतें."

मी जवळच उभा होतों. काय बोलावें, हें मला सुचेना.

बाईंनीं तिला आडवें करविलें, पाय उंच ठेविले, आणि ती सावध झाल्यावर घोट घोट साखरमिठाचें पाणी पाजलें. अर्ध्या तासानें चेहऱ्यावर रंग आला. दोन्ही पाय सारखेच सुजले होते व रात्रीपर्यंत सूज उतरूं लागली. एकच पाय सुजता, पोटरी दुखती किंवा धाप लागती, तर तेथूनच रुग्णालय गांठावें लागलें असतें, असें बाईंनीं मला बजावून सांगितलें.

त्या रात्रीं दोन वाजतां आम्ही दोघेंही टक्क जागीं होतों. सांगलीला त्या वेळीं सकाळचे साडेअकरा वाजले होते. आपल्या शरीरांतही एक घड्याळ असतें, आणि त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखें कांटे फिरवून लावतां येत नाहीं. त्या अंधारांत मीं विचारलें,

"अगं, पाणी कां घेतलें नाहींस?"

"घेतलें कीं उठावें लागतें. त्या गृहस्थांना तुम्ही दोनदां उठविलेंत. तिसऱ्यांदा मीं कोणत्या तोंडानें उठवायचें?"

"मला सांगायचेंस."

"त्यांत सांगायचें काय? आम्ही बायका प्रवासांत असेंच करतों. लग्न होऊन आल्यापासून आपण एस.टी.नें किती वेळां पुण्याला गेलों. वाटेंत मी कधीं पाणी प्यालें होतें का, आठवून पाहा."

मीं आठवून पाहिलें, आठवेना. आठवली ती दुसरीच गोष्ट. शाळेच्या सहलीची गाडी सुटण्यापूर्वीं मी दरवर्षीं मुलींच्या बाजूस उभा राहून बजावीत असें, "उगाच पाणी पिऊं नका, गाडी मध्येंच थांबणार नाहीं." मुलांना असें सांगितल्याचें स्मरत नाहीं. त्यांच्यासाठीं गाडी कोठेंही थांबत असे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां शहर पाहण्यास निघावयाचें होतें. न्याहारीच्या वेळीं मीं व्यवस्थापकांना सर्वांदेखत सांगितलें कीं आम्ही थकलों आहों, दुपारपर्यंत येणार नाहीं. "गुरुजी, बाकी सगळे तयार आहेत," असें ते म्हणतात तोंच दुसऱ्या मेजावरून एक काका म्हणाले, "आम्हीही थकलों आहों." मग आणखी तिघे बोलले. गाडी अकरा वाजतां सुटली, आणि कोणाचेंच कांहीं पाहावयाचें राहिलें नाहीं.

परततांना वाटेकडेची जागा मीं आधींच मागून घेतली आणि तेथें सौ.ला बसविलें, मी मध्यें बसलों. दर दोन तासांनीं दोघेंही उठलों, पाणी आलें तेव्हां प्यालों. पूर्वेकडचा प्रवास शरीराला अधिक जड जातो; घरीं आल्यावर आठवडाभर आम्ही दिवसा पेंगत होतों. रोज सकाळीं उन्हांत बसून तें हळूहळू ताळ्यावर आलें. पाय मात्र सुजले नाहींत.

सहनशीलता हा आपल्या घरांतील स्त्रियांचा मोठा गुण म्हणून आपण वाखाणतों. पण कित्येकदां ती कोणीच न विचारल्यामुळें अंगीं बाणलेली असते. वाचकांपैकीं जे कोणी लवकरच लांबच्या प्रवासास निघणार असतील, मग तो विमानाचा असो कीं एस.टी.चा, त्यांनीं सामान बांधण्यापूर्वीं घरांतील स्त्रियांना एवढेंच विचारावें: "तूं वाटेंत पाणी पितेस ना?" उत्तर ऐकून माझ्याप्रमाणेंच पुष्कळांना लाज वाटेल.

असो. नायगारा पुढील अंकीं.