दोघांतला एकच निवृत्त होतो

"चाचा-चाची आता निवांत आहेत. दोघंही रिटायर्ड. बदलापूरला घर, मुलगा-सून जवळ, नातवंडं अंगाखांद्यावर. अजून काय पाहिजे?"

हे वाक्य आपल्या लग्नात, दावतीत, मय्यतीत सगळीकडे ऐकू येतं. त्यातला एकच शब्द मला खटकतो, 'दोघंही'. चाचा निवृत्त झाले हे खरं. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंपनीत त्यांनी २८ वर्षं शिफ्ट केली. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चाची कधी निवृत्त झाल्या? त्यांचा निरोप समारंभ कोणत्या तारखेला झाला? तेव्हा त्यांच्या हातातलं काम कोणी घेतलं?

कुणीच घेतलं नाही. उलट ते वाढलं.

मी हे कुणा एकाच घराबद्दल लिहीत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. नवरा कारखान्यातून, रेल्वेतून, शाळेतून निवृत्त झालेला, मुलगा आणि सून पहाटेच्या लोकलने ठाण्याला किंवा मुंबईला जाणारे. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. एका बाजूला दीड तास धरा, स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आता किती झाली असेल ते फलाटावर सकाळी उभं राहिलं की समजतं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं इथे आली. त्यांची मुलं दिवसभर कोण सांभाळतं? बालवाडीची गाडी बाराला येते, सून रात्री साडेआठला. मधले साडेआठ तास चाचींचे आहेत. मुंबईच्या नोकऱ्या लोकलवर चालतात असं आपण म्हणतो. त्या लोकलमागे बदलापूरच्या स्वयंपाकघरातली आजी उभी असते, हे कुणी म्हणत नाही.

आता या 'निवांत' जोडप्याचा आठवडा मांडू.

चाचा फजरला मशिदीत जातात. तिथून फिरणं, मग चहा, पेपर. जोहरनंतर झोप. असरनंतर कट्टा, तिथे पेन्शन, राजकारण आणि गुडघेदुखी. इशानंतर जेवण. मधे सोमवारी बँक, एखाद्या दिवशी साखर तपासायला दवाखाना, शुक्रवारी जुमा. चाचा भले माणूस आहेत. कुणाला दुखावत नाहीत, मशिदीच्या पंख्यासाठी चंदा गोळा करतात.

चाची फजरच्या आधी उठतात, कारण सुनेचा डबा पाच वाजता भरावा लागतो. मग नळाला पाणी येण्याची वेळ, मग नातवाची शाळा, चाचांचा नाश्ता आणि गोळ्या. दुपारचा स्वयंपाक, नातवाला भरवणं, त्याचा उर्दूचा सबक. संध्याकाळी भाजी, दळण, पुन्हा स्वयंपाक. शुक्रवारी जरा बरं जेवण हवं. रविवार सगळ्यांचा सुट्टीचा, म्हणून चाचींचा सर्वांत कामाचा. त्या दिवशी लेक मुंब्र्याहून मुलं घेऊन येते. चाचांच्या दवाखान्याची फाईल चाचींच्या हातात असते. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची फाईल अजून तयारच झालेली नाही.

हे भावनेचं बोलणं वाटत असेल तर सरकारी आकडे घ्या. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण ८१.२ टक्के आणि त्यांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुष फक्त २६.१ टक्के, आणि जे करतात त्यांचाही वेळ ९७ मिनिटं. म्हणजे बायकांचे आठवड्याला जवळजवळ ३५ तास झाले. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही, ती पाहणीत वेगळी मोजली आहे. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांनी ती उचलली नाहीत, त्यांनी स्वतःचीही नऊ कमी केली.

आता पैशाकडे बघू. चाचांना मिळते ती ईपीएस-९५ ची पेन्शन. तिचा हिशोब साधा आहे. पगार कितीही असला तरी धरायचा जास्तीत जास्त १५ हजार, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, ७० ने भागायचं. २८ वर्षं राबलेल्या माणसाच्या हातात महिन्याला सहा-साडेसहा हजारांहून जास्त पडत नाहीत. २०१४ पूर्वी ही मर्यादा साडेसहा हजार होती, म्हणून बहुतेकांना त्याहूनही कमी. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार आहे. त्यावर देशभरचे पेन्शनर वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत आणि त्यांची मागणी रास्त आहे. पण त्या मोर्च्यातही चाचींचा उल्लेख कुठे येतो? चाचा गेल्यावर. तेव्हा त्यांना चाचांच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळेल. म्हणजे चाळीस वर्षांच्या कामाची पहिली कमाई त्यांना नवरा वारल्यावर मिळणार, तीही अर्धी, तीही त्याच्या नावावरची.

राज्य सरकारही कमी नाही. लाडकी बहीण योजनेत वयाची अट २१ ते ६५. पासष्टी ओलांडली की बहीण लाडकी राहत नाही. त्यापुढे श्रावणबाळ योजना आहे, पण तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. चाचांच्या सहा हजारांच्या पेन्शनचे वर्षाला ७२ हजार होतात, झाल्या चाची अपात्र. नवऱ्याला मिळणारी तुटपुंजी पेन्शन हेच तिला काही न मिळण्याचं कारण ठरतं. तिच्या नावावर दमडी नसली तरी कागदावर ती 'उत्पन्न असलेल्या कुटुंबातली' असते.

घरकामाला मोल असतं हे आपल्या कोर्टाला मान्य आहे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सांगितलं की गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे, ते काम नाही असं समजणं चूक आहे. चांगला निकाल आहे. पण तो लागू कधी होतो? ती अपघातात मेल्यावर. जिवंत असेपर्यंत शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायासमोर मुलं लिहितात, 'काही नाही'. वीस वर्षं मी असे फॉर्म तपासतोय. आता आजीचा रकानाही येतो, कारण मुलाला न्यायला तीच येते. तिथेही 'काही नाही'.

आता आपल्या घरातलं बोलू, कारण इथे बरेच जण दीनचा आधार घेतात. "बाईची जागा घरात, हाच तिचा सवाब." ठीक आहे, मग दीनच काढू. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं की रसूलुल्लाह (स.) घरी असताना काय करायचे. त्यांनी सांगितलेलं बुखारीत आहे. ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडायचे. घरकाम आणि नमाज, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच दिवसात. आपण त्यातली नमाज घेतली आणि घरकाम सोडून दिलं. सूरह तलाकमध्ये तर तलाक झालेल्या आईने मूल पाजलं तर तिला त्याचा मोबदला द्या असं सांगितलं आहे. आईच्या दुधालासुद्धा जिथे मोबदला आहे, तिथे आजीचे साडेआठ तास फुकट कोणत्या हिशोबाने? बायकोवर स्वयंपाकपाणी कायद्याने बंधनकारक नाही, असं अनेक फकीहांचं मत आहे. हे जुम्याच्या बयानात तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आईच्या पायाखाली जन्नत आहे हे मात्र दर वेळी ऐकतो. त्या पायांना सूज आली आहे, ते कोण बघणार?

"नातवंडांत तिचा जीव रमतो," हा दुसरा युक्तिवाद. रमतोच. चाचांचाही रमतो, म्हणून ते संध्याकाळी त्याला कट्ट्यावर दहा मिनिटं मिरवतात. जीव रमणं वेगळं आणि दिवसभराची जबाबदारी वेगळी. मला शिकवायला आवडतं, म्हणून कोणी माझा पगार बंद करत नाही.

"रिकामी बसली तर आजारी पडेल," हा तिसरा. मग चाचा कसे पडत नाहीत?

आणि कृपा करून हे भांडण सासू-सुनेचं करू नका. सून लेडीज डब्यात दाराशी लटकून जाते आणि रात्री आल्यावर भांडी घासते. तिच्या खांद्यावरचं ओझं सासूच्या खांद्यावर गेलं, घरातल्या दोन पुरुषांच्या खांद्याला ते लागलंच नाही.

करायचं काय? फार मोठं नाही. निवृत्त झालेल्या पुरुषाने दिवसातलं एक पूर्ण काम स्वतःकडे घ्यावं. 'मदत' म्हणून नाही, आपलं म्हणून. सकाळचा नाश्ता, नाहीतर नातवाची शाळा आणि जेवण. पेन्शन आली की निम्मी रक्कम त्याच दिवशी बायकोच्या खात्यात जावी, तो असताना, तो गेल्यावर नाही. मुलाने आईच्या हातात दरमहा ठरलेली रक्कम ठेवावी, पाळणाघराला दिली असती तेवढी. आठवड्यातला एक दिवस तिच्या नावाचा असावा, आणि तिच्या गुडघ्याची फाईल याच महिन्यात निघावी. सरकारने श्रावणबाळसाठी बाईचं स्वतःचं उत्पन्न बघावं, नवऱ्याचं नाही. आणि आमच्या इमामसाहेबांनी एका जुम्याला फक्त हजरत आयेशांची ती एक रिवायत सांगावी, बाकी काही नको.

दरवर्षी चाचा हयातीचा दाखला देतात. मशीनवर अंगठा टेकवून सांगतात की मी जिवंत आहे, मगच पेन्शन चालू राहते. चाचींना असा दाखला कुणी मागत नाही. त्या एक दिवस झोपून राहिल्या तर डबा नाही, नाश्ता नाही, नातू शाळेत नाही, सून कामावर नाही. त्या दिवशी घराला कळेल कोण निवृत्त आहे आणि कोण नाही.