बचावाच्या भाषणाची उपेक्षा

सोव्हिएत काळातील असंतोषाचा विषय निघाला की आपल्याकडील साहित्यचर्चा पास्तरनाक, सोल्झेनित्सिन, ब्रॉडस्की या नावांभोवती फिरते. लेखक आरोपी, सत्ता फिर्यादी. या नाट्यात तिसरे पात्र नाही. बचावाचा वकील दिसलाच तर शोभेपुरता. निकाल आधीच ठरलेला असताना बचाव कसला, असा सवाल त्यामागे असतो. आम्हाला हा सवाल आळशी वाटतो. तो करणाऱ्यांनी दीना कामिन्स्काया यांचे आयुष्य तपासून पाहावे.

कामिन्स्कायाबाईंचा जन्म १९१९ साली येकातेरिनोस्लाव येथे ज्यू कुटुंबात झाला. १९४० पासून त्या मॉस्कोत वकिली करीत होत्या. युद्धानंतर 'मुळे नसलेले विश्वनागरिक' म्हणून ज्यूंवर धरलेला रोख आणि १९५३ साली डॉक्टरांवर रचलेले कटाचे कुभांड, हे सारे त्यांच्या वकिलीच्या काळातच घडले. तिथे बचावाचा वकील कसा असावा याचा नमुनाही ठरून गेला होता. १९३७ च्या मॉस्को खटल्यात इल्या ब्राउदे या वकिलाने आपणही या देशाचाच पुत्र असल्याचे न्यायालयास सांगितले आणि अशिलाचा गुन्हा मान्य करूनच दयेची याचना केली. शोभेचा वकील म्हणतात तो हा.

कामिन्स्कायाबाईंनी दया मागितली नाही, निर्दोष सुटका मागितली. १९६७ मध्ये व्लादिमिर बुकोव्स्कीसाठी त्यांनी ती मागितली. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. १९६८ च्या जानेवारीत त्यांचे अशील युरी गालान्स्कोव यांना सात वर्षे मिळाली. १९७२ मध्ये ते छावणीतच वारले. राजकीय खटल्यांत बाई जिंकल्या नाहीत, हे आक्षेपकांचे म्हणणे खरे आहे. परंतु हार-जीत हाच निकष लावायचा, तर त्या काळचे अर्धे साहित्यही आपल्याला टाकून द्यावे लागेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे वळावे याचे कारण वेगळे आहे. २५ ऑगस्ट १९६८ रोजी चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ काही माणसे मॉस्कोच्या लाल चौकात फलक घेऊन बसली. त्यांपैकी पावेल लित्विनोव यांचे वकीलपत्र बाईंनी घेतले. आरोपासाठी वापरलेल्या कलमात सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करणारी 'जाणूनबुजून खोटी' विधाने गुन्हा ठरविली होती. बाईंनी बोट ठेवले ते 'जाणूनबुजून' या क्रियाविशेषणावर. स्वतःला जे खरे वाटते ते बोलणारा माणूस चुकत असेल, पण जाणूनबुजून खोटे बोलत नाही; मग हे कलम त्याला लागतेच कसे? सत्तेने लिहिलेला शब्द सत्तेपेक्षा गांभीर्याने वाचणे, ही त्यांची रीत. वर्गात आपण ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो, ते याहून निराळे काय असते? लित्विनोव यांना पाच वर्षांची हद्दपारी झाली. पण वकिलांची भाषणे टिकली. नातालिया गोर्बानेव्स्काया यांनी ती खटल्याच्या वृत्तांतात संकलित केली आणि टंकलिखित प्रतींतून लोकांनी ती वाचली.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा न्यायालयात उभे राहणे म्हणजे त्या सोंगाला प्रतिष्ठा देणे. याचे उत्तर खुद्द सत्तेनेच देऊन ठेवले आहे. राजकीय खटले चालविण्यासाठी वकिलाला खास परवाना लागे. १९७० नंतर बाईंचा तो काढून घेण्यात आला आणि बुकोव्स्कीच्या पुढच्या खटल्यात त्यांना उभे राहता आले नाही. १९७७ मध्ये त्यांना देश सोडणे भाग पडले. नुसती शोभा असती, तर ती कोणी इतक्या निकराने हटविली असती काय?

शिवाय त्यांची वकिली राजकीय खटल्यांपुरती नव्हती. बलात्कार आणि खुनाचा आरोप असलेल्या दोन कोवळ्या मुलांसाठी त्या एकामागून एक सुनावण्या लढल्या आणि अखेर ती मुले निर्दोष सुटली. या प्रकरणात कोणी कवी नव्हता, म्हणून ते आपल्या चर्चेत येत नाही.

कामिन्स्कायाबाईंचा २००६ साली अमेरिकेत मृत्यू झाला. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९८२ पासून इंग्रजीत उपलब्ध आहे. विसाव्या शतकातील रशियन साहित्य शिकविताना ब्रॉडस्कीच्या खटल्यावर एक तास खर्च होत असेल, तर त्याच तासात बचावाचे एक भाषणही वाचले जावे, अशी आमची मागणी आहे. आरोपीचे धैर्य आपण शिकवतोच; त्याच्या शेजारी उभे राहून कलमाचा शब्दन् शब्द वाचणारेही कोणी होते, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे.