छोट्या टॉर्चला मोठा एलईडी

पावसाळा तोंडावर आला की मांजर्लीत ओळखीचे लोक मला हटकून विचारतात, "लहानसा टॉर्च घेतोय, त्यात जास्त उजेडाचा एलईडी बसवता येईल का?" येतो. पण कोणता टॉर्च घ्यायचा आणि वाढलेल्या उजेडाचं काय करायचं, हे आधी ठरवायला हवं. माझं मत असं की चांगल्या एलईडीची कमाई झगमगाटात उडवू नये, टॉर्च जास्त तास चालावा यासाठी वापरावी.

आपल्याकडे पुराची रात्र काढावी लागते, म्हणून हे सांगतो. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावं लागलं. उल्हास नदी चढली की गेलेली वीज कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा जिना उतरायला, म्हाताऱ्या माणसाचं औषध शोधायला, पहाटे फजरला किंवा पहिल्या लोकलला निघताना पाण्यातला खड्डा चुकवायला मध्यम उजेड पुरतो. तो सकाळपर्यंत टिकला पाहिजे.

हिशेब बघा. एलईडीला 3 अँपिअर दिले की साधारण 10 वॅट खर्च होतात आणि त्यातले बरेचसे उष्णतेत जातात. मुठीत मावणारा टॉर्च काही मिनिटांत हाताला चटके देतो आणि 3000 मिलिअँपिअर-तासांचा सेल तासाभरात झोपतो. तोच एलईडी 350 मिलिअँपिअरवर चालवला तर तोच सेल आठ तासांच्या आसपास पुरतो, शिवाय कमी करंटवर एलईडी प्रत्येक वॅटमागे जास्त उजेड देतो. आणि झोत दुप्पट लांब जायला त्याची तीव्रता चौपट लागते. गल्लीत चालणाऱ्याने त्या मागे का लागावं?

म्हणून टॉर्च निवडताना खोक्यावरचे लुमेन नंतर वाचा. आधी पुढची रिंग आट्यांवर फिरते का ते बघा. डिंकाने चिकटवलेला टॉर्च उघडतानाच फुटतो. अंग ॲल्युमिनियमचं असावं आणि एलईडीची पट्टी धातूच्या बैठकीवर नीट टेकलेली असावी. प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते, मग महागडा एलईडीही लवकर मंदावतो. पट्टीचा व्यास मोजून घ्या, 16 आणि 20 मिलिमीटरच्या पट्ट्या सहज मिळतात. रिफ्लेक्टरचं भोक नव्या एलईडीला पुरतं का तेही बघा. मोठ्या चिपचा एलईडी त्याच रिफ्लेक्टरमध्ये उजेड पसरवतो, लहान चिपचा लांब फेकतो. आपल्या रस्त्यांना पसरणारा बरा. सांध्यांवर रबरी रिंगा नसतील तर पावसात तो टॉर्च बाहेर काढू नका.

एलईडीइतकंच लक्ष ड्रायव्हरकडे द्या. अनेक टॉर्चमध्ये 7135 या चिपा असतात, एकेक चिप साधारण 350 मिलिअँपिअर सोडते. आठ असतील तर 2.8 अँपिअर. मंद उजेडाची सोय असलेला ड्रायव्हर निवडा, नाहीतर कमी चिपांचा.

उल्हासनगरच्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग शोधता येतात, पण सेल घेताना डोळे उघडे ठेवा. 18650 आकाराच्या सेलवर 9900 चा आकडा छापलेला दिसला तर तो सरळ खोटा समजा. चांगल्या कंपनीचा सेलही 3500 च्या आसपास असतो. सेल बदलता येणारा टॉर्चच घ्या, म्हणजे दुसरा भरलेला सेल जवळ ठेवता येतो. आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल फुकट मिळाला तरी नको. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर आग लागते, आणि हा टॉर्च आपण रात्री उशाशी ठेवणार असतो.