पंट म्हणजे विजय नव्हे!

मंडळी, ३१ ऑगस्टला किनिक स्टेडियममध्ये इलिनॉय स्टेटविरुद्ध आपल्या हॉकआय संघाचा २०२४ चा हंगाम सुरू होतोय. आयोवा सिटी, कोरलव्हिल, सीडर रॅपिड्समधल्या आपल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एकच सूर लागलाय : "ब्रायन गेला, आता सगळं ठीक होणार." मला हे मुळीच पटत नाही. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर बदलला, हे खरं. पण ज्या विचारामुळे गेली दोन वर्षं आपली ही गत झाली, तो विचार बदललाय का? त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी आकडे बघू. आकड्यांशी भांडता येत नाही.

२०२३ मध्ये आयोवाने १४ सामन्यांत २१६ गुण केले. सामन्याला सरासरी १५.४. यार्डांचा हिशोब केला तर सामन्याला सुमारे २३५ यार्ड, म्हणजे देशातल्या वरच्या गटातल्या १३३ संघांत शेवटचा नंबर. खालून पहिला! आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध आपण ७-३ असे जिंकलो होतो. सात गुण म्हटल्यावर कोणालाही वाटेल की एक टचडाऊन झाला असेल. छे! एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. सेफ्टीचे चार गुण डिफेन्सने मिळवून दिलेले. म्हणजे ऑफेन्सची कमाई रुपये तीन फक्त.

"पण दहा सामने जिंकलो ना गेल्या वर्षी? डिव्हिजन जिंकली ना?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. जिंकलो. कसे जिंकलो ते बघा. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध १०-७, इलिनॉयविरुद्ध १५-१३, नेब्रास्काविरुद्ध १३-१०. तीन विजय आणि तिन्हींचा मिळून फरक आठ गुणांचा. आणि ज्यांचा ऑफेन्स खरोखर चालतो असे संघ समोर आले तेव्हा? पेन स्टेट ३१-०, बिग टेनच्या अंतिम सामन्यात मिशिगन २६-०, सिट्रस बोलमध्ये टेनेसी ३५-०. बेरीज करा : ९२ विरुद्ध शून्य. तीन सामन्यांत एक गुण नाही. पेन स्टेटसमोर तर अख्ख्या सामन्यात ७६ यार्ड.

याला 'सावध खेळ' म्हणायची पद्धत पडली आहे. मी म्हणतो, हा सावध खेळ नाहीच. प्रत्येक सामना दोन-तीन गुणांच्या फरकावर नेऊन ठेवायचा आणि शेवटी एखादी लाथ, एखादा उडालेला चेंडू, पंचांची एखादी शिट्टी आपल्या बाजूने पडेल अशी आशा करायची, याला मराठीत जुगार म्हणतात. मिनेसोटाविरुद्ध १०-१२ हरलो, तेव्हा कूपर डिजीनचा पंट रिटर्नवरचा टचडाऊन पंचांनी रद्द केला म्हणून आपण सगळ्यांनी आठवडाभर शिव्या घातल्या. निर्णय वादग्रस्त होताच. पण मिनेसोटाला एकही टचडाऊन करता आला नव्हता, चार फील्ड गोलांवर ते जिंकले, ते आपल्या घरच्या मैदानावर! आपल्या ऑफेन्सला आणखी तीन गुण करता आले असते, तर पंचांची शिट्टी कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

आता घराणेशाहीचा मुद्दा. तो टाळून पुढे जाता येणार नाही. कर्क फेरेंत्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक. २०१७ पासून ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर त्यांचाच मुलगा ब्रायन. नात्यातल्या माणसाला वरिष्ठ होता येत नाही या नियमामुळे कागदोपत्री ब्रायनचे वरिष्ठ अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आणि जिल्हा बँकांची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. २०२२ ची दुर्दशा झाल्यावर काय केलं? ब्रायनचा पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख केला आणि करारात अट घातली : सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. गंमत म्हणजे डिफेन्सने आणि स्पेशल टीमने केलेले गुणसुद्धा त्या २५ मध्ये धरायचे! मुलगा नापास होऊ नये म्हणून शेजारच्याचा पेपरही त्याच्याच नावावर तपासायचा, तसली ही तऱ्हा. तरीही पेपर सुटला नाही. शेवटी ३० ऑक्टोबर २०२३ ला हंगामी डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन राहणार नाही. त्यांनी ते केलं, म्हणून झालं.

माझा ब्रायनवर वैयक्तिक राग नाही. कर्क यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पंचवीस वर्षं एका संघाला सांभाळणं सोपं नाही. पण वर्षाला सत्तर लाख डॉलर घेणारा सार्वजनिक विद्यापीठाचा प्रशिक्षक हा या राज्यातला सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर असतो. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे अपमान नव्हे.

आणि याची किंमत कोण मोजतं? वीस वर्षांची पोरं. चार्ली जोन्सचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये आयोवाकडून त्याने २१ पास झेलले. पुढच्या वर्षी तो पर्ड्यूला गेला आणि ११० झेलले, १३६१ यार्ड. पोरगा तोच, हात तेच, चेंडूही तसाच. फरक एवढाच की तिथे त्याच्याकडे चेंडू टाकला. त्याच्यामागून आर्लंड ब्रूस गेला, कीगन जॉन्सन गेला. मग आपणच म्हणतो, "आपल्याकडे चांगले रिसीव्हर येतच नाहीत हो." कसे येतील?

काही मित्र मला मुंबईच्या खडूस क्रिकेटचा दाखला देतात. म्हणतात, तसंच आहे हे, चिवट, कंटाळवाणं, पण जिंकणारं. अरे बाबांनो, मुंबईने यंदा मार्चमध्ये ४२ वी रणजी जिंकली ती चेंडू नुसते अडवून नाही. खडूस म्हणजे विकेट फेकायची नाही आणि धावांचा डोंगर रचायचा. दिवसभर खेळून ८० धावा करणाऱ्याला दादर-माटुंग्यात खडूस म्हणत नाहीत, दुसरंच काहीतरी म्हणतात.

तुलना करायचीच तर कबड्डीशी करा. चार डाउनमध्ये दहा यार्ड काढायचे, नाही जमले तर चौथ्या डाउनला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला द्यायचा, हा झाला पंट. म्हणजे मोकळी चढाई. रेषा ओलांडून परत यायचं, ना गुण ना बाद. अधूनमधून ठीक आहे. पण प्रो कबड्डीत सलग दोन मोकळ्या चढायांनंतर तिसरी 'करो या मरो' असते. आयोवाच्या फुटबॉलमध्ये तसा नियम नाही, म्हणून आपण मोकळ्या चढाईलाच कला मानून बसलो. टोरी टेलर हा पंटर अप्रतिम होता, वाद नाही. गेल्या हंगामात त्याने ४४७९ यार्ड पंट करून १९३८ पासूनचा विक्रम मोडला, रे गाय पुरस्कार मिळवला. पण विचार करा, पंटरचा विक्रम कधी होतो? ऑफेन्स पुन्हा पुन्हा अडकतो तेव्हा! आणि आपण 'पंटिंग इज विनिंग'चे टी-शर्ट घालून मिरवलो. आता टेलर शिकागो बेअर्सकडे गेला. ती कुबडीही गेली.

मग येत्या हंगामात करायचं काय? नवा कोऑर्डिनेटर टिम लेस्टर. वेस्टर्न मिशिगनचा माजी मुख्य प्रशिक्षक, गेल्या वर्षी ग्रीन बे पॅकर्समध्ये विश्लेषक. स्वतः क्वार्टरबॅक होता. माणूस योग्य वाटतो. माझं म्हणणं चार मुद्द्यांत सांगतो.

एक, स्नॅपच्या आधी हालचाल करा. एखाद्या खेळाडूला चेंडू सुरू होण्यापूर्वी या टोकाकडून त्या टोकाला धाववलं की समोरचा डिफेन्स उघडा पडतो. कोणी त्याच्यामागे धावला तर माणसाला माणूस लावलाय, सगळे जागेवरच थोडे सरकले तर झोन. क्वार्टरबॅकला अर्धं उत्तर फुकटात मिळतं. आपण वर्षानुवर्षं पुतळ्यांसारखे उभे राहून समोरच्याला निवांत वाचू दिलं.

दोन, पहिल्या डाउनला पास टाका, तोही धावण्याचं सोंग करून. लेशॉन विल्यम्स, केलेब जॉन्सन यांच्यासारखे धावणारे आहेत, ऑफेन्सिव्ह लाइन गेल्या वर्षीचीच, अनुभवी. समोरच्याला खात्री असते की आयोवा धावणारच. ही खात्री म्हणजे आपलं भांडवल आहे, ते वापरा की! सगळे पुढे झेपावले की मागे मोकळं मैदान. आणि तिथे चेंडू झेलायला ल्यूक लेकी आहे. किटल, हॉकन्सन, फँट, लापोर्टा ज्या मातीतून निघाले तिथे टाइट एंडला पास मिळू नये, हे म्हणजे कोकणात राहून आंबा विकत आणणं झालं.

तीन, समोरच्याच्या हद्दीत चौथ्या डाउनला एक-दोन यार्ड हवे असतील तर पंट नको. लोक म्हणतात, "आपला डिफेन्स इतका चांगला आहे, मग धोका कशाला?" मला हे तर्कशास्त्र कायम उलटं वाटत आलंय. फिल पार्करचा डिफेन्स गेल्या वर्षी सामन्याला पंधरापेक्षा कमी गुण देत होता, पार्करला देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. असा डिफेन्स पाठीशी असताना चौथा डाउन फसला तरी नुकसान किती? डिफेन्स कच्चा असेल त्याने घाबरावं. ज्याच्या घराची भिंत भक्कम, त्याने दार उघडून बाहेर पडायला काय हरकत आहे?

चार, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. लेस्टरला मोकळा हात द्या. गाडीला नवा ड्रायव्हर ठेवायचा आणि हँडब्रेक आपल्या हातात धरून बसायचं, असं चालणार नाही. हा मुद्दा कर्क फेरेंत्झ यांच्यासाठी आहे. पहिल्या पासवर चेंडू समोरच्याने पळवला तर लगेच "चला, पुन्हा धावा" होणार असेल, तर लेस्टर काय, कोणीही आणा, निकाल तोच.

यंदा पळवाटही उरलेली नाही. बिग टेनमध्ये आता १८ संघ आणि डिव्हिजन रद्द. कमकुवत वेस्ट डिव्हिजन जिंकून अंतिम सामन्यात पोचायचे दिवस संपले. ऑक्टोबरमध्ये ओहायो स्टेटला त्यांच्या घरी जायचंय, मग वॉशिंग्टन किनिकला येणार, नोव्हेंबरमध्ये यूसीएलएकडे जायचंय. प्लेऑफमध्ये यंदापासून चारऐवजी बारा संघ. दार मोठं झालंय, पण १५ गुणांच्या सरासरीने त्यातून आत शिरता येणार नाही.

क्वार्टरबॅक केड मॅकनमारा गुडघ्याच्या दुखापतीतून परत येतोय. तो पहिल्या सामन्यापासून भन्नाट खेळेल अशी माझी अपेक्षा नाही. चुका होतील, इंटरसेप्शन होतील, एखादा सामना त्यापायी जाईलही. चालेल. प्रयत्न करून हरलेल्या संघामागे मी उभा राहीन. न खेळता ९२-० खाणाऱ्या संघाचं कौतुक मात्र माझ्याकडून होणार नाही.

तुम्हाला एक काम देतो. ७ सप्टेंबरला आयोवा स्टेट किनिकला येतंय. पहिल्या अर्ध्या भागात कागद-पेन घेऊन बसा. पहिल्या डाउनला किती वेळा पास टाकला, किती वेळा स्नॅपच्या आधी कोणी हललं, समोरच्याच्या हद्दीतून किती पंट मारले, एवढंच लिहा. स्कोअर काहीही असो, विचार बदललाय की नाही ते त्या कागदावर कळेल. मध्यंतराला आकडे इथेच कमेंटमध्ये टाका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर मनसोक्त भांडा, मी उत्तर देईन. फक्त 'दहा जिंकलो ना' एवढंच म्हणून निघून जाऊ नका.