ते बोलायचे

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात पार्लेचा जप सुरू झाला. पहिल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, डब्यात आहे की पुडा. घे की दोन." गौरी हसून हसून बेजार! तिचं पार्ले बिस्किटाचं नव्हतंच. फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणे.

गौरी, म्हणजे माझी मुलगी, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला गेली. शाळेत मराठी शिकली, कन्नडही शिकली, आणि कॉलेजात फ्रेंच घेऊन आली. का, तर मार्क चांगले पडतात! घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. धारवाडहून माझ्या आईचा फोन आला, तिनंही कन्नडमधून हेच विचारलं, की आपल्या दोन्ही भाषांनी काय घोडं मारलं होतं? मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले, "घरात दोघी उपाशी, आणि ही तिसरीला जेवायला बोलावते."

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि नातीला समोर बसवलं. "तुझ्या फ्रेंचला क्रियापद आहे ना? मग चालवून दाखव बघू."

हा 'चालवून दाखव' माझ्या चांगल्या ओळखीचा. २००४ साली मी धारवाडच्या कन्नड घरातून लग्न होऊन बेळगावच्या या मराठी घरात आले. मराठी समजायची, पण बोलताना पाय अडखळायचे. कन्नडमध्ये बाई असो की बुवा, 'नानु माताडतीनि' एकच. 'तो' आणि 'ती' आले की मगच 'माताडतान' आणि 'माताडताळ' असा फरक पडतो. मराठीत मात्र स्वतःबद्दल बोलायचं तरी बाईनं 'बोलते' आणि पुरुषानं 'बोलतो'. मी सगळीकडे 'मी बोलतो' म्हणायची. इकडच्या मुलीही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. पुण्याचे पाहुणे आले आणि हसले, तेव्हा मामंजींनी मला वही घेऊन बसवलं. मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, त्या बोलतात. आज हे सदर मी मराठीत लिहिते, ती त्या वहीची कमाई.

तर गौरीनं पार्ले चालवून दाखवलं. पद्धत सोपी आहे. मूळ क्रियापदाच्या शेवटी ई आणि आर ही अक्षरं असतात, ती काढायची. उरतो 'पार्ल'. त्याला शेपट्या जोडायच्या. झ पार्ल, म्हणजे मी बोलते. त्यु पार्ल, तू बोलतेस. इल पार्ल, तो बोलतो. एल पार्ल, ती बोलते. नू पार्लों, आम्ही बोलतो. वू पार्ले, तुम्ही बोलता. इल पार्ल, ते बोलतात. फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं याच चालीनं चालतात. टेलिफोन आला तेव्हा त्याचंही क्रियापद याच घरात नांदायला आलं.

मामंजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अगं, पण सगळं पार्ल पार्लच ऐकू येतंय. शेपट्या कुठायत?"

गंमत तिथंच आहे. शेपट्या कागदावर असतात, तोंडात नसतात. 'मी'ला शेवटी ई, 'तू'ला ई आणि एस, 'तो'ला पुन्हा ई, 'ते'ला ई, एन, टी. लिहिताना तीन तऱ्हा, उच्चार सगळ्यांचा एकच. 'इल' म्हणजे तो आणि 'इल' म्हणजे ते, यांतही फरक फक्त लिहिण्यात. म्हणून फ्रेंच माणसाला 'मी', 'तू' प्रत्येक वेळी म्हणावंच लागतं. आपल्याला त्याची गरज नाही. 'बोलतेस' म्हटलं की 'तू' आलीच. 'माताडतीनि' म्हटलं की 'नानु' वेगळं सांगायला नको. मराठी आणि कन्नड या बाबतीत सख्ख्या जावा!

एकच मोठं क्रियापद ई-आरवालं असूनही ही चाल सोडून वाकडं चालतं. ते म्हणजे 'आले', आणि त्याचा अर्थ जाणे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "आले म्हणजे जाणे? कसली भाषा म्हणायची ही!" मामंजी म्हणाले, "आपण तरी काय वेगळं करतो? घरातून निघताना 'येतो' म्हणतो. धारवाडची अज्जीही निघताना 'बर्तीनि' म्हणते." त्या दिवसापासून तिसरी पाहुणी आमच्या पंगतीला बसली.

सप्टेंबरात कॉलेजात गृहपाठ आला. घरातल्या माणसांवर सोपी वाक्यं लिहा. गौरीनं लिहिलं, आजी माझ्याशी मराठी बोलते. आजोबा माझ्याशी मराठी बोलतात आणि अज्जीशी कन्नड बोलतात. वही परत आली तेव्हा आजीच्या वाक्याला बरोबरची खूण, आणि आजोबांच्या वाक्याखाली लाल रेघ. तिनं आजोबांसाठी 'ते'ची शेपटी लावली होती.

गौरी घरी येऊन तणतणली. "आजोबांना मी 'बोलतो' कसं म्हणू?" तिचंही खरंच होतं. मराठीत आजी 'बोलते' आणि आजोबा 'बोलतात'. कन्नडमध्येही मोठ्या माणसाला 'अवरु' म्हणतो. फ्रेंचमध्ये समोरच्याला मान द्यायला 'वू' आहे, अगदी आपलं 'तुम्ही' किंवा 'नीवु'. पण माणूस समोर नसला, त्याच्याविषयी दुसऱ्याला सांगायचं असलं, की कितीही मोठा असो, तो एक म्हणजे एकच. आदरार्थी अनेकवचन तिथं नाही.

सासूबाई खूश झाल्या. "म्हणजे फ्रेंचमध्ये आम्ही दोघं एका रांगेत बसलो म्हणा की!"

मामंजी म्हणाले, "या घरात मी अनेक, आणि फ्रान्समध्ये एकटा. असू दे. तू लिहिताना एकटा लिही. तोंडानं म्हणताना कुणाला कळतंय?"

आणि तेही खरं. तोंडी परीक्षेत गौरीनं तेच वाक्य म्हटलं आणि एकही मार्क गेला नाही. मनात तिनं अनेकवचनच धरलं होतं म्हणे. ही लबाडी 'पार्ले'मध्ये खपते. 'एमे' म्हणजे प्रेम करणे, तिथं मात्र पकडले जाल. 'तो' प्रेम करतो, हे इल एम. 'ते' करतात, हे इल झेम. स्वर पुढे आला की गप्प बसलेला एस बोलायला लागतो.

नोव्हेंबरात मामंजी गेले. रात्री जेवून झोपले, ते सकाळी उठले नाहीत. दिवस वार झाले, पाहुणे परतले, आणि गौरीचं कॉलेज पुन्हा सुरू झालं.

जानेवारीत फ्रेंचचा भूतकाळ शिकवायला घेतला. फ्रेंचला भूतकाळ एकच नाही. एक असतो घडून संपलेल्या गोष्टीचा, 'बोलला' असा. दुसरा असतो पूर्वी नेहमी होत असलेल्या गोष्टीचा. त्याला 'अँपार्फे' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नेमकं रूप आहे, 'बोलायचा', 'बोलायची', 'बोलायचे'. तो करायची रीतही साधी. 'नू पार्लों'मधला 'ओं' काढायचा आणि नव्या शेपट्या लावायच्या. झ पार्लॅ, त्यु पार्लॅ, इल पार्लॅ, नू पार्लियों, वू पार्लिये, इल पार्लॅ.

गृहपाठ होता, सप्टेंबरातली वाक्यं भूतकाळात लिहा. शिकवणाऱ्यांना आमच्या घरचं काय ठाऊक असणार? त्यांच्या लेखी तो व्याकरणाचा सराव होता.

मी भाजी निवडत होते. बराच वेळ पार्ले ऐकू येईना, म्हणून आत गेले. गौरी जुनी वही उघडून बसली होती, लाल रेघेवर बोट ठेवून. मला म्हणाली, "आई, आजीचं वाक्य बदलायला नको वाटतंय. ती बोलतेच की अजून."

"मग ते तसंच ठेव," मी म्हटलं. "आजोबांचं तेवढं लिही."

तिनं लिहिलं, आणि या वेळी शेपटी एकवचनाची लावली. मग वाक्य मोठ्यानं वाचलं. इल पार्लॅ. इथंही 'तो' आणि 'ते' यांचा उच्चार एकच. मला तर 'ते बोलायचे' असंच ऐकू आलं.

बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतीस गं?"

"आजोबा माझ्याशी मराठी बोलायचे, आणि अज्जीशी कन्नड."

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "कन्नड बोलतात खरं, पण रागावले की मराठीच येतं त्यांना."

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा काळ तिनं काही दुरुस्त केला नाही, मीही नाही. वही मिटून ती आजीजवळ जाऊन बसली, आणि डब्यातला पुडा काढून दोघींनी चहा घेतला.