मतपेटी पोहोचली, माईक कधी पोहोचणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. जंगलातली बंदूक मागे सरू लागली की आदिवासींच्या नावाने बोलणारे पुष्कळ पुढे येतील. पण आदिवासींना स्वतः बोलू दिले जाईल काय? हा प्रश्न समोर ठेवून आम्ही दोन कलाकृतींविषयी लिहीत आहोत. एक 'न्यूटन' (२०१७) हा चित्रपट आणि दुसरा मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचा 'चेतावनी' (२०२०) हा रॅप गाण्यांचा अल्बम. चळवळीच्या पानावर सिनेमा-गाणी कशाला, असे कोणी विचारील. वामनदादा कर्डकांना डोक्यावर घेणाऱ्या समाजाने तरी हे विचारू नये.

अमित मसुरकर दिग्दर्शित 'न्यूटन' विनोदी आहे, पण त्यातले हसू कडू आहे. आपल्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या जंगलात ७६ मतदारांचे एक केंद्र. राजकुमार रावचा न्यूटनकुमार तेथे नियमाप्रमाणे मतदान घ्यायला जातो. सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला, म्हणजे पंकज त्रिपाठीला, ते कसेबसे उरकायचे असते. परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर मात्र गावकऱ्यांना गोळा करून रांगेत उभे केले जाते. येथे हसू येते ते आदिवासींवर नव्हे, व्यवस्थेवर. हिंदी सिनेमात हे क्वचित घडते, म्हणून चित्रपट आम्हाला आवडला.

न्यूटनच्या घरात बाबासाहेबांची तसबीर दिसते. तो दलित आहे हे चित्रपट उघड सांगत नाही. काहींनी याला संयम म्हटले. आम्हाला त्यात संकोचही दिसतो. संविधानावर इतकी निष्ठा ठेवणारा तरुण कोणत्या घरात घडतो, हे सांगायला बिचकायचे कशाला?

आमचा मोठा आक्षेप दुसराच आहे. अंजली पाटीलची मलको सोडली तर या चित्रपटातले आदिवासी बहुतेक गप्पच आहेत. मतदान म्हणजे काय, हे त्यांना बाहेरच्याने समजवावे लागते. गडचिरोलीचा अनुभव काय सांगतो? गडचिरोली व अहेरी भागात सुरक्षेच्या कारणाने मतदान दुपारी ३ लाच संपते. तरीही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. २०२४ मध्येच दक्षिण मुंबईत ते जेमतेम ५० टक्के होते. मताची किंमत कोणी कोणाला शिकवायची?

खरा प्रश्न मत दिल्यानंतरचा आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ टिकवला तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला. तरी २०२१ पासून लोहखनिज पुन्हा बाहेर जाऊ लागले. मत मोजले गेले, ठराव मात्र मोजला गेला नाही. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, तो स्वतः बोलून, स्वतः भांडून.

म्हणूनच 'स्वदेसी'ची पोरे आम्हाला महत्त्वाची वाटतात. अल्बमच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यांनी 'वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. विषय आरेच्या जंगलाचा होता, तेव्हा आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांनी सोबत घेतला. त्याच ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे तोडली गेली. गाण्याने झाडे वाचली नाहीत, पण ज्यांचे जंगल त्यांचा आवाज नोंदला गेला. 'चेतावनी'तही हाच बाणा आहे. दोष एवढाच की शब्द इतक्या वेगाने येतात की पहिल्या ऐकण्यात अर्थ निसटतो. आपले शाहीर ध्रुपद घोळवत, ते गर्दीच्या ओठांवर बसवत. ते या पोरांनी जरूर शिकावे. गटातील धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड २०२२ मध्ये ऐन तारुण्यात गेला, ही हानी मोठी आहे.

रॅप परदेशी, असे म्हणून नाक मुरडू नये. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या सुमारास काळ्या पोरांनी हे संगीत जन्माला घातले. त्याच्या एक वर्ष आधी, ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. हे नाते जुने आहे.

आणि झाडीपट्टीला विनोद कोणी शिकवावा? येथे दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चांद्यात धम्मदीक्षा दिली, तेथल्या कार्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. भीमजयंतीला मुंबई-नागपूरहून गायक आणण्यासाठी आपण वर्गणीतून हजारो रुपये मोजतो. त्याच मंचावर भामरागडच्या, कोरचीच्या माडिया-गोंड पोरापोरींना अर्धा तास द्या. त्यांच्या भाषेत, त्यांच्या ठेक्यावर, त्यांना हवे ते बोलू द्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा मोह आपणही आवरला पाहिजे.